वरचे चाळीस हजार

रविवारी सकाळी साडेदहाला, दुकानाचं शटर गुडघ्याएवढं उघडं ठेवून, घरच्यांनी गिऱ्हाईक बसवलं.

गिऱ्हाईक बसवणं ही या घराची जुनी रीत. नव्या मोटारसायकलचा दर फळ्यावर चढण्याआधी घरातल्या एकाने काउंटरपलीकडच्या खुर्चीत बसायचं, अगदी अनोळखी होऊन. ज्याने दर काढला असेल त्याने एकेक ओळ वाचून दाखवायची. गिऱ्हाइकाने विचारायचं, "हे कशाचे?" उत्तर ऐकून मान हलली तर ओळ राहिली. नाही हलली तर अण्णांची लाल पेन्सिल. वाद नाही, रडारड नाही. ही रीत अण्णांनी पाडली तेव्हा दुकान म्हणजे एक गाळा, दोन मोटारसायकली आणि हवा भरायचा पंप एवढंच होतं, आणि गिऱ्हाईक म्हणून बसायला घरात एकटी आई होती. अण्णा अजून म्हणतात, तिच्याएवढं कजाग गिऱ्हाईक पुढे कधी आलं नाही.

आता पाळीपाळीने बसतात. या वेळची पाळी वहिनीची होती, म्हणून दर काढणारा अण्णांचा मुलगा, भाऊ, मनातल्या मनात शीळ घालत होता. दुकानात सगळ्यांची ती वहिनी, भाऊची मात्र बायको. स्वतःची बायको मान हलवणार नाही तर कोण हलवणार?

तयारी म्हणाल तर त्याने महिनाभर केली होती. गाडीच तशी होती. हिरवट राखाडी रंगाची, भारदस्त, उभी असतानाही पळतेय असं वाटणारी. नोंदवहीत नावं पडली होती एकोणसाठ आणि कंपनीने धाडल्या होत्या चार. पुलापलीकडचा विक्रेता मूळ किमतीवर सरळ पन्नास हजार चढवून घेत होता आणि लोक हसत हसत देत होते. भाऊने चाळीसच लावले होते. आपण त्याच्यापेक्षा दहा हजारांनी सज्जन आहोत, असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

प्रश्न नुसत्या चार गाड्यांचा नव्हता. अकरा वर्षांपूर्वी भाऊ दुकानात आला तेव्हा अण्णांनी त्याला सांगून ठेवलं होतं, "ज्या दिवशी तुझं दरपत्रक एकही ओळ न खोडता पास होईल, त्या दिवसापासून दुकान तू चालव." त्यानंतर तीनदा त्याने दरपत्रक मांडलं आणि तीनदा लाल पेन्सिल चालली. एकदा तर आईने 'पॉलिश – दोनशे' या एका ओळीवर त्याला घाम फोडला होता. तेव्हापासून तो चौतिशीतही 'छोटे मालक' होता, आणि हे दोन शब्द त्याला आता दाढेत अडकलेल्या कणासारखे वाटायला लागले होते.

म्हणून या वेळी त्याने काहीच नशिबावर सोडलं नव्हतं. प्रत्येकाला एकेकटं गाठून काही ना काही कबूल केलं होतं. मागचं वर्कशॉप सांभाळणाऱ्या ताईला गाडी उचलायची हायड्रॉलिक लिफ्ट. आईला गिऱ्हाइकांच्या बसायच्या खोलीत एसी. अण्णांना दुकानावर त्यांच्या नावाची दिव्यांची पाटी. वहिनीला काय द्यायचं, हा प्रश्न त्याला पडलाच नव्हता. घरचीच ती.

"बसा बाई," अण्णा सुनेला म्हणाले. गिऱ्हाईक बसलं की ते नातं विसरत. "गाडी पाहिलीत?"

"पाहिली. छान आहे. मुलीलाही आवडली."

मुलगी, म्हणजे सात महिन्यांची चिमणी, मांडीवर बसून गाडीच्या चकचकीत माहितीपत्रकाचा कोपरा हिरड्यांनी कुरतडत होती. एका पायात मोजा होता. दुसरा कुठे गेला ते तिलाच ठाऊक.

"तिची मान धरायची नाही हां," वर्कशॉपच्या दारातून ताई म्हणाली. हाताचं ग्रीस ती चिंधीला पुसत होती. "ती दिसेल त्याला मान हलवते. आत्याची शपथ घालून शिकवलंय मी."

"आत्याने शिकवण्यासारखं दुसरं काही नव्हतं का?" आई म्हणाली आणि कपांत चहा ओतायला लागली.

भाऊने घसा साफ केला. गाडीची मूळ किंमत. मान हलली. नोंदणी. हलली. विमा. हलली. भाऊच्या आवाजात मध यायला लागला.

"वाहतूक, नऊ हजार."

"हे कशाचे?"

"कारखान्यातून इथवर गाडी आणायचे, बाई. ट्रक, डिझेल, टोल, वाटेतली जोखीम."

वहिनीची मान हलली नाही.

तिला सगळं कळत होतं. या ओळींना काय लटकलंय तेही, आणि नवऱ्याने गेल्या बुधवारपासून कुणाकुणाच्या कानात काय सांगितलंय तेही. लहान मूल घेऊन बसलेल्या बाईसमोर लोक काय वाटेल ते बोलतात. तिला ऐकू येत नसावं असंच धरून चालतात. सात महिने ती घरात होती. त्याआधी चार वर्षं याच काउंटरवर होती, भाऊच्या शेजारच्या खुर्चीत. आणि तरीही तिने मान हलवली असती. त्याचे कान लाल झाले होते, उत्तराची वाट बघताना तो टाचांवर डुलत होता, अगदी चिमणी पडण्याआधी डुलते तसा. एक मान हलवायला काय लागतं?

पण तेवढ्यात भाऊने डोळा मारला.

गिऱ्हाइकाला कुणी डोळा मारतं का?

"साहेब," वहिनी म्हणाली, "वाहतूक मूळ किमतीतच आहे ना? कंपनीच्या पत्रकात तळाला बारीक अक्षरात लिहिलंय, विक्रेत्याच्या दारापर्यंत पोच."

"ते... तू, तुम्ही कधी वाचलंत ते?"

"मुलीला पाजताना एक हात मोकळा असतो, साहेब. हाताला लागेल ते वाचते. औषधाच्या खोक्यावरचंसुद्धा."

ताईला फस्सकन हसू आलं. अण्णांनी पेन्सिलीचं टोक तपासलं.

"म्हणजे ट्रकचे पैसे कंपनीने एकदा घेतले," वहिनी म्हणाली. "मग हे नऊ हजार कुठे जातात?"

भाऊने आईकडे पाहिलं. आईने बशीकडे. काचेच्या भिंतीमागची ती बसायची खोली तिचं राज्य होतं. गाडी दुरुस्त होईपर्यंत थांबलेल्यांना ती पाणी द्यायची, त्यांची लग्नं, दुखणी, भांडणं ऐकून घ्यायची, आणि दुपारी काच तापली की मानेवर ओला नॅपकिन टाकून बसायची. एसीची जागासुद्धा तिने मनात ठरवली होती, घड्याळाच्या डावीकडे. हलव गं बाई मान, असं ती मघापासून मनात घोकत होती. पण गिऱ्हाइकाने सरळ विचारलं होतं, आणि या खुर्चीतल्या माणसाशी खोटं बोलायचं नाही, हे तर तिनेच त्या खुर्चीत बसून सगळ्यांना शिकवलं होतं.

"माझ्या एसीला जातात," आई म्हणाली. "खोडा."

"आई!" भाऊ ओरडला.

"ओरडू नकोस. घामाने कुणी मेलं नाही अजून."

लाल रेघ पडली. दरपत्रक तिथेच नापास झालं होतं, पण रीत म्हणजे रीत. सुरू केलं की शेवटपर्यंत वाचायचं.

"जोडणी," भाऊ म्हणाला. मध आटला होता. "अकरा हजार."

"हे कशाचे?"

"गाडी खोक्यातून येते. चाक, हँडल, आरसे बसवायचे, बॅटरी भरायची, तेल घालायचं, चालवून बघायची. पुष्कळ काम असतं. ताईला विचारा."

ताईने चिंधीची दुसरी बाजू शोधली. अठरा वर्षं ती गाड्यांपुढे वाकत होती. हल्ली सकाळी पलंगावरून उठताना तिला आधी कुशीवर वळावं लागे, मग पाय खाली, मग बाकीची ताई. लिफ्टचं चित्र तिने वर्कशॉपच्या कपाटाला आतून चिकटवलं होतं, लोक देवाचं लावतात तसं.

"असतं काम," ती म्हणाली. "जोडणी म्हणजे खेळ नाही."

"किती वेळ लागतो?"

"अडीच तास."

"आणि कंपनी त्याचे काही देते?"

"देते." ताईने छताकडे पाहिलं. "गाडीमागे आठशे."

"मग हे अकरा हजार?"

चिमणीने कागदाचा तुकडा तोडला, आणि वहिनीने न बघता तिच्या तोंडात बोट घालून तो काढला.

"लिफ्टचे आहेत, लिफ्टचे!" ताईने चिंधी भाऊच्या अंगावर फेकली. "घोड्या, मला म्हणालास लिफ्ट नफ्यातून येणार!"

"हाच तो नफा!"

"हा? माझी कंबर तू दुसऱ्याच्या बिलात लावलीस? तेही माझ्याच कामाचं नाव घालून? खोडा अण्णा. दोनदा खोडा."

अण्णांनी एकदाच खोडलं. हात नीटनेटका होता त्यांचा.

"सजावट संच, बारा हजार," भाऊने आता नुसतं वाचलं. "पुढचा गार्ड, टाकीचं कव्हर, सीट कव्हर. सक्तीचा."

"मला नको असेल तर?"

"सक्तीचा आहे बाई."

"सक्ती कुणाची?"

भाऊने अण्णांकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. अण्णांना अचानक खोकला आला. पेन्सिल कागदापासून वीतभर वर थांबली होती आणि खाली यायला काही तयार नव्हती.

"अहो," आई म्हणाली, "तुम्हीसुद्धा?"

"मला वाटलं पाटी कंपनी देतेय."

"कंपनी? तुमच्या नावाची पाटी? कंपनीला तुमचं नाव तरी ठाऊक आहे का?"

"दिव्यांची असणार होती," अण्णा पुटपुटले, आणि त्यांनी इतक्या हळू रेघ मारली की ती ओढताना पेन्सिल कुरकुरलेली सगळ्यांनी ऐकली.

राहिली शेवटची ओळ. 'व्यवस्थापन, आठ हजार.' भाऊने ती वाचली नाही. कागद काउंटरवर ठेवला.

"हे कुणाला कबूल केलेले नाहीत," तो म्हणाला. "हे त्या चौदा स्कूटरचे आहेत. मागे कव्हराखाली उभ्या आहेत त्यांचे. चार मोटारसायकली पाहिजेत ना, मग या चौदा उचल, असं म्हणते कंपनी. नाही म्हटलं तर पुढच्या खेपेला एकही गाडी नाही. त्या स्कूटर कुणी घेत नाही. जागा अडते, टायर बसतात, बॅटऱ्या मरतात. तुम्ही सगळे मला लुटारू ठरवून मोकळे झालात, पण हे कुठून भरून काढायचं ते कुणी सांगतं का?"

आता त्याच्या आवाजात शाळेतल्या मुलाचा सूर होता. ताईने खाली बघितलं. त्यात खोटं काही नव्हतं.

"म्हणजे," वहिनीने सावकाश विचारलं, "जी स्कूटर मला नको, तिचे पैसे मी मला आवडलेल्या गाडीत भरायचे?"

भाऊने कागदावरची ती ओळ पुन्हा वाचली.

"हो," तो म्हणाला. "तसंच आहे ते."

मग त्याने स्वतःच अण्णांच्या हातातली पेन्सिल घेतली आणि ती ओळ खोडली.

चहा निवला होता. आईने तो परत किटलीत ओतला, गरम करायला आत गेली आणि जाताना ताईला दंडाला धरून घेऊन गेली. अण्णांना एकदम आठवलं की मागच्या स्कूटर मोजायला हव्यात.

भाऊ काउंटरला वळसा घालून आला आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीजवळ उकिडवा बसला. चिमणीने लगेच त्याचं नाक धरलं.

"हलवायचीस ना मान," तो नाकातूनच म्हणाला. "एवढीशी."

"हलवणार होते. खरंच."

"मग?"

"ताईंना लिफ्ट, आईंना एसी, अण्णांना पाटी. आणि मला डोळा?"

"अगं, तू तर आपलीच."

"आपलीला विचारायचं नसतं?"

त्याने नाक सोडवून घेतलं. खिशात हात घालून काहीतरी काढलं. दुसरा मोजा. सकाळी जिन्यात सापडला होता. तो चिमणीच्या पायात घालायला लागला. टाच वर, बोटं खाली, सगळं उलटं. वहिनी बघत राहिली. तिने तो सुलटा केला नाही.

"काय हवंय तुला?" भाऊने विचारलं. "आता विचारतोय. उशिरा का होईना."

"काउंटर. उद्यापासून. चिमणीला इथेच मागे झोळी बांधायची, आई आहेत, ताई आहेत. घरात बसून मी औषधाची खोकी पाठ करतेय रे." तिने मागच्या दाराकडे बोट केलं. "आणि स्कूटर मला दे. गेल्या वर्षी पोट सांभाळत किती विकल्या मी?"

"एकवीस."

"मी गेल्यापासून?"

"दोन!" आतून ताईचा आवाज आला. "त्यातली एक परत आली!"

"ऐकताय काय तुम्ही?" भाऊ ओरडला.

"दार पातळ आहे," आई म्हणाली आणि गरम चहा घेऊन बाहेर आली.

अण्णाही परतले. स्कूटर चौदाच भरल्या होत्या. सगळे पुन्हा काउंटरभोवती जमले, आणि तेव्हा भाऊला आठवलं की अजून एक काम राहिलंय. पहिली गाडी त्याने एका ठेकेदाराला कबूल केली होती, वरच्या चाळीस हजारांसकट. ठेकेदार दुपारी न्यायला येणार होता.

"आत्ताच सांगून टाक," ताई म्हणाली. "दात काढायचाच तर दुपारपर्यंत कशाला ठेवायचा?"

वहिनी फळा पुसायला उठली, म्हणून चिमणी भाऊच्या कडेवर आली, आणि एका हाताने जमेना म्हणून त्याने फोन काउंटरवर ठेवून मोठ्या आवाजावर लावला.

"बोला!" ठेकेदाराचा आवाज अख्ख्या दुकानात घुमला. "गाडी तयार?"

"साहेब, दर ठरला. तुम्हाला सांगितला होता त्याच्यापेक्षा चाळीस हजार कमी."

पलीकडे संशय. "कमी? का? ट्रकमधून पडली-बिडली का?"

"नाही हो. हिशोबाने दर तेवढाच होतो."

"बरं मग. पाठवतो माणूस."

"एक मिनिट साहेब. गाडी नंबराने जाणार. वहीत तुमच्या आधी अठ्ठावन्न नावं आहेत. पहिलं पाववाल्याचं आहे. पहाटे चारला पाव पोचवतो, त्याची जुनी गाडी आठवड्यातून दोनदा आमच्याकडेच असते."

"अहो, म्हणून तर चाळीस देत होतो!" ठेकेदार हसला. "बरं, तुमच्या मनात काय ते कळलं मला. पंचेचाळीस घ्या. पहिली गाडी माझ्या दारात."

अण्णा स्टुलावर बसले होते. त्यांनी काहीच केलं नाही. हे 'काहीच न करणं' त्यांना किती जड जात होतं ते फक्त आईला दिसलं. त्यांच्या गुडघ्यावरची बोटं एकमेकांत घट्ट अडकली होती. काय बोलायचं ते त्यांना माहीत होतं. असल्या फोनवर बोलायची चार वाक्यं त्यांनी आयुष्यभर वापरून गुळगुळीत केली होती. त्यातलं एकही त्यांनी पोराला दिलं नाही. ताईची चिंधी थांबली. वहिनी फळ्याशी पाठमोरी उभी होती, हातात फडकं तसंच.

पंचेचाळीस हजार. त्यात लिफ्ट येत होती. नाहीतर एसी आला असता.

"साहेब," भाऊ म्हणाला, "एक विचारू? वरचे पंचेचाळीस कशाचे दिलेत, असं घरी कुणी विचारलं तर काय सांगाल?"

"मला घरी कोण विचारतंय?"

"मला विचारतात," भाऊ म्हणाला.

ठेकेदार म्हणाला, "बसा मग उत्तरं देत," आणि फोन कट झाला.

कुणी टाळ्या-बिळ्या वाजवल्या नाहीत. ताईने नोंदवही ओढून पाववाल्याचा नंबर शोधायला घेतला आणि त्या नादात डोळ्याला ग्रीस लावून घेतलं. आईने भाऊच्या पाठीवर एक धपाटा घातला. तो शाबासकीचा होता की लिफ्ट आणि एसी घालवल्याचा, हे तिने सांगितलं नाही.

"फळ्यावर दर चढव," अण्णा म्हणाले.

"मी? तुमचं अक्षर असतं फळ्यावर."

"माझा हात दुखतोय."

भाऊने चिमणीला कडेवर ठेवूनच लिहिलं. मूळ किंमत, नोंदणी, विमा. तीनच ओळी. खाली फळा बराच रिकामा राहिला आणि त्याचं त्यालाच कसंतरी वाटलं.

"अण्णा," तो पाठमोराच म्हणाला, "चार ओळी खोडल्या या वेळी. याआधी एकदाही इतक्या नव्हत्या."

"मोजता येतं मला." अण्णा स्टुलावरून उठले, गुडघे धरून सरळ झाले. "उद्या दुकान किती वाजता उघडतोस?"

भाऊला वाटलं टोमणा आहे. त्याने वळून पाहिलं. अण्णांचा चेहरा टोमण्याचा नव्हता.

"न... नऊला," तो म्हणाला.

"बरं. मग मी साडेनऊपर्यंत आलो तर चालेल?"

चिमणी त्याच्या हातातला खडू ओढत होती. त्याने तो तिला देऊन टाकला.

"चालेल," काउंटरच्या अलीकडे येऊन खुर्ची सरकवत वहिनी म्हणाली. "पण त्याहून उशीर नको."